दोन खात्यांच्या मधले मूल

भारत सरकारात कोणता विषय कोणत्या मंत्रालयाकडे, हे 1961 च्या कार्यविभाजन नियमांनी ठरते. मंत्रालयांची नावे बदलतात, विभाग फुटतात, नवे निर्माण होतात. नियम मात्र दुरुस्त्यांसह तेच राहतात. सरकारी नोकरीत काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. जो विषय या यादीत कुठेच नाही, त्याच्याबाबत निदान "हे कोणाचे?" अशी विचारणा तरी होते. जो विषय दोन ठिकाणी अर्धा-अर्धा विभागलेला आहे, त्याच्याबाबत तेवढीही होत नाही, कारण दोघांनाही वाटत असते की दुसरा ते पाहतो आहे.

आज अशाच एका विषयाबद्दल लिहीत आहे. स्वमग्न, म्हणजे ज्यांना आपण ऑटिस्टिक म्हणतो, अशा मुलांपैकी काहींना वयाच्या बाराव्या-चौदाव्या वर्षी कुणाचे तरी आवाज ऐकू येऊ लागतात. निदान ती तसे सांगतात, किंवा त्यांच्या वागण्यावरून आईवडिलांना तसे वाटते. अशा मुलांची संख्या मोठी नाही. बहुधा म्हणूनच हा विषय कोणत्याही आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी पाहिलेला नाही. पण ज्या घरात हे घडते, त्या घराने मदत मागायला नेमके कुठे जावे, याचे सरळ उत्तर आपल्या व्यवस्थेकडे आजही नाही.

आधी कायद्याची बाजू पाहू. 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार होते. त्यांत मनोविकार होता, स्वमग्नता नव्हती. स्वमग्नतेला कायद्यात जागा मिळाली ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात, आणि त्यात मनोविकाराला जागा नव्हती. पुढे 2016 च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने 21 प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता आहे, मनोविकार आहे आणि एकाहून अधिक दिव्यांगत्वे एकत्र असू शकतात हेही आहे. हा अधिनियम दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाचा, म्हणजे सामाजिक न्याय मंत्रालयाचा. उपचाराचा हक्क देणारा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम मात्र आरोग्य मंत्रालयाचा. तो मे 2018 मध्ये अमलात आला. त्यातील मनोविकाराच्या व्याख्येतून बौद्धिक विकासातील अपुरेपणा वगळला आहे, पण स्वमग्नता वगळलेली नाही. स्वमग्न मुलाला मनोविकार झाला तर तो या कायद्याखाली उपचारांचा पुरता हक्कदार आहे. कायद्याच्या शब्दांत कुठेही अडसर नाही.

अडसर व्यवहारात आहे. "विकासातील दोष" म्हणून लहानपणी एकदा शिक्का बसला की पुढे त्या मुलाच्या बाबतीत जे जे घडेल ते त्या शिक्क्याखाली घालण्याची सवय सर्वांनाच लागते. मूल रात्रभर जागले, स्वमग्नता. जेवेनासे झाले, स्वमग्नता. कोपऱ्याकडे पाहून ओरडू लागले, तरीही स्वमग्नता. वैद्यकशास्त्रात या सवयीला नाव आहे: एका निदानाची सावली दुसऱ्यावर पडणे. कार्यालयीन भाषेत सांगायचे तर जुन्या फाइलीवरच्या टिपणीने नव्या अर्जाचा निकाल लावणे.

यामागे थोडा इतिहासही आहे आणि तो मोठा चमत्कारिक आहे. ऑटिझम हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला तो स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण सांगण्यासाठी. रुग्ण बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आत वळतो, एवढाच त्याचा अर्थ होता. 1943 मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तोच शब्द उचलला. त्यानंतर कित्येक दशके दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घातल्या जात. स्वमग्न मुलांना "बालवयातील स्किझोफ्रेनिया" असे नाव मिळे. 1971 च्या सुमारास इंग्लंडमध्ये इझ्रायल कोल्विन यांनी दाखवून दिले की तीन वर्षांच्या आत सुरू होणारा प्रकार आणि शाळकरी वयात सुरू होणारा प्रकार हे मुळात वेगळे आहेत. 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाने ही ताटातूट अधिकृत केली. ती आवश्यकच होती. परंतु वेगळे करणे म्हणजे एकाला दुसरे होऊच शकत नाही असे मानणे नव्हे, आणि नेमका तोच अर्थ पुष्कळांच्या मनात रुजला. पुढच्या अभ्यासांतून तर असे दिसले की स्वमग्न व्यक्तींमध्ये सायकोसिसचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते.

डॉक्टरांची अडचण खरी आहे, हेही सांगितले पाहिजे. स्वमग्न मुलाला "तुला आवाज ऐकू येतात का?" असे विचारले तर ते "हो" म्हणेल, कारण तुमचा आवाज त्याला त्या क्षणी ऐकू येतच असतो. शब्दाचा शब्दशः अर्थ घेणे हा त्याचा स्वभाव. शिवाय अशी मुले ऐकलेली वाक्ये कित्येक दिवसांनी जशीच्या तशी उच्चारतात. स्वतःशी मोठ्याने बोलतात. ट्यूबलाइटची गुणगुण, दूरच्या पंपाचा आवाज, जो आपल्या कानी पडत नाही, तो त्यांना असह्य होतो. शाळेत छळ झालेला असेल तर छळणाऱ्याचे शब्द रात्री पुन्हा पुन्हा मनात वाजतात. अपस्माराचे प्रमाणही या मुलांत जास्त असते आणि त्याच्या काही प्रकारांत भास होतात. झोप न मिळणे, एखाद्या औषधाचा परिणाम, क्वचित मेंदूचा दाह, असे काहीही मुळाशी असू शकते. स्किझोफ्रेनिया तेराव्या वर्षाच्या आत फार विरळा. तेव्हा "आवाज ऐकू येतात" या एका वाक्यावरून निदान होत नाही. त्यासाठी वेळ लागतो, मुलाची भाषा लागते आणि दोन वेगवेगळ्या शास्त्रांचे जाणकार एका खोलीत बसावे लागतात. आपल्या व्यवस्थेत नेमक्या याच तीन गोष्टी दुर्मिळ आहेत.

माझ्या एका सहकाऱ्याच्या घरची हकीगत त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगतो. कुटुंब सातारा जिल्ह्यातले. नेमणूक पूर्व भारतातील एका राज्याच्या राजधानीत. मुलाचे स्वमग्नतेचे निदान चौथ्या वर्षीच झालेले. चौदाव्या वर्षी तो रात्री उठून बसू लागला, "तो माणूस बोलतोय" म्हणू लागला आणि ताट पुढे आले की हात मागे घेऊ लागला. ज्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण चालू होते तेथे सांगण्यात आले की हा मानसिक आजार आहे, आमच्याकडे त्याची सोय नाही, मनोविकार विभागात जा. मनोविकार विभागात सांगण्यात आले की मूल स्वमग्न आहे, हे वर्तन त्यातलेच, प्रशिक्षण केंद्रातच दाखवा. तिसऱ्या ठिकाणी दाखल करून घेण्याची तयारी होती. पण लहान मुलांसाठी वेगळा कक्ष नाही आणि कायद्याने अज्ञान मुलांना प्रौढांबरोबर ठेवता येत नाही, म्हणून तेथेही नकार. हा नियम (2017 च्या अधिनियमाचे कलम 87) मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि योग्यच आहे. त्याने कक्ष उभारण्याची जबाबदारी शासनावर टाकली. प्रत्यक्षात तो नकार देण्याचे कारण झाला.

सहकाऱ्याच्या पत्नी मला म्हणाल्या, "भावोजी, दोन्हीकडचे डॉक्टर चांगले होते हो. पण दोघेही मला दुसऱ्याचाच पत्ता देत होते."

अखेर आठ महिन्यांनी दूरच्या एका मोठ्या संस्थेत मुलांच्या मनोविकार विभागात तपासणी झाली. मेंदूचा आलेख, कानांची तपासणी, शाळेकडून माहिती, असे सगळे रीतसर झाले. योगायोगाने तेथे एक मराठी शिकाऊ डॉक्टर होती. ती तीन दिवस रोज त्या मुलाशेजारी बसली, त्याच्याबरोबर आगगाड्यांची चित्रे काढली (आगगाड्या हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय), आणि चित्रातल्या डब्यांत कोण बसले आहे, काय बोलत आहे, असे विचारत राहिली. त्यातून निष्पन्न झाले की त्याला ऐकू येणाऱ्या शब्दांत दोन भाषा होत्या. हिंदीत जे येत होते ते वर्गातल्या मुलांचे टोमणे होते, अक्षरशः तेच शब्द. ती स्मृती होती. मराठीत बोलणारा एक जण मात्र निराळा होता, तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता, आणि तो "जेवू नकोस" असे सांगत होता. पहिल्यावर उपाय शाळेत करायचा होता, दुसऱ्यावर औषधाने. दोन्ही झाले. मुलगा आता जेवतो. रात्रीचे जागणे अजून पुरते गेलेले नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या हकीगतीतला भाषेचा भाग विशेष लक्षात घ्यावा. तापाचे निदान करताना डॉक्टरांना रुग्णाची भाषा आली नाही तरी निभावते. मनाच्या आजारात तपासणीचे साधनच भाषा असते. इम्फाळला, भुवनेश्वरला किंवा त्रिचीला नेमणुकीवर असलेल्या मराठी कुटुंबातले स्वमग्न मूल घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि रस्त्यावर तिसरीच भाषा ऐकते. त्यातले बोलते किती हा प्रश्न वेगळा. डॉक्टर आणि मूल यांच्यात दुभाषे होतात ते आईवडील, आणि आईवडिलांसमोर तेरा-चौदा वर्षांचे कोणतेही मूल सगळे सांगत नाही. उपचाराला संमती घेताना रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असे अधिनियम सांगतो. तपासणी कोणत्या भाषेत व्हावी याची तजवीज मात्र कोणत्याही रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात मला आढळलेली नाही.

दोन दारांच्या मध्ये अडकलेले आईवडील मग तिसऱ्या दाराशी जातात. राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजीकडे, दक्षिणेत एखाद्या दर्ग्याकडे, आपल्याकडे देवऋष्याकडे. त्यांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्या दारात निदान "हे आमच्याकडचे नाही" असे कोणी म्हणत नाही. त्याची परिणती किती भीषण होऊ शकते हे 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे देशाने पाहिले. साखळदंडाने बांधून ठेवलेली 28 माणसे आगीत मरण पावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि 2017 च्या अधिनियमाने साखळीने बांधण्यास बंदी केली. पण दुसरे उदाहरणही आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच एका स्वयंसेवी संस्थेने आणि राज्य शासनाने मनोविकारतज्ज्ञांचे उपचार उपलब्ध केले. मुजावर रुग्णाला दुआ देतात आणि डॉक्टरांकडेही पाठवतात. दर्गा आणि दवाखाना यांची सांगड घालता येत असेल, तर एकाच शासनाच्या दोन विभागांची का घालता येऊ नये?

घालायची म्हटली तर कुठे, हे पाहण्यासाठी एखाद्या जिल्हा रुग्णालयाचे आवार डोळ्यांसमोर आणावे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अपेक्षित आहे, आणि त्यासाठी जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तेथे बालरोगतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ असावेत अशी योजना आहे. पण या केंद्रांचा मुख्य भर सहा वर्षांच्या आतील मुलांवर. त्यापुढच्या मुलांनी नेहमीच्या रुग्णालयांत जावे असे मार्गदर्शक सूचनाच म्हणतात. त्याच आवारात 1996 पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. तेथे मनोविकारतज्ज्ञ असलाच तर तो मोठ्या माणसांनी घेरलेला. म्हणजे सहाव्या वर्षी एक दार बंद होते, दुसरे उघडते ते मूल प्रौढ झाल्यावर, आणि आवाज ऐकू येऊ लागतात ते नेमके मधल्या काळात. दोन्ही कक्ष आरोग्य खात्याचेच आहेत, ही आणखी एक मौज.

हेल्पलाइनचेही तसेच. सप्टेंबर 2020 मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने मानसिक आरोग्यासाठी "किरण" ही दूरध्वनी सेवा सुरू केली. 10 ऑक्टोबर 2022 रोजी आरोग्य मंत्रालयाने "टेली-मानस" सुरू केली. दोघांचाही हेतू चांगला होता.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच मागणीच्या आकड्यांकडे जाते. मनुष्यबळाची टंचाई सर्वज्ञात आहे. दर लाख लोकसंख्येमागे 0.75 मनोविकारतज्ज्ञ, हा आकडा संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेही 2023 च्या अहवालात नोंदवला आहे, आणि मुलांचे तज्ज्ञ त्यातले अगदी थोडे. बंगळूरच्या निम्हान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांपासून दूर होते. पण टंचाई असताना असलेली साधने कुठे जातात, हे ठरवते ती नोंद. मासिक विवरणपत्रात रुग्णापुढे एक निदान लिहायचे असते. स्वमग्नतेचे मोजमाप "इसा" नावाच्या 40 कलमांच्या पट्टीने होते, मनोविकाराचे "आयडियाज" या दुसऱ्या पट्टीने, आणि मूल एका पट्टीत बसले की दुसरी काढण्याचा त्रास सहसा कोणी घेत नाही. परिणामी दोन्ही असलेले मूल कागदावर जन्मालाच येत नाही. कागदावर मागणी नाही म्हणून पद मंजूर नाही, पद नाही म्हणून सेवा नाही, आणि सेवा नाही म्हणून आईवडील येत नाहीत. शोधाशोधीचा सारा खर्च, रजा, आगगाडीची तिकिटे, लॉजचे भाडे, वाया गेलेले आठ महिने, कुटुंबाच्या खिशातून जातो आणि शासनाच्या कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही.

माझ्या मते यासाठी नव्या कायद्याची किंवा नव्या संस्थेची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून दोन दिवस मनोविकारतज्ज्ञ आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्राची मंडळी यांनी एकत्र बसावे, आणि त्या दिवशी सहा ते अठरा वर्षांची मुले पाहावीत. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. पालकत्वाच्या प्रकरणांपलीकडे त्या समितीने हा एक विषय घेतला तर दोन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवणारा अधिकारी आयताच मिळतो. टेली-मानस 20 भाषांत सेवा देते, त्यांत मराठी आहे. जोरहाटच्या डॉक्टरासमोर बसलेल्या मराठी मुलासाठी त्याच सेवेतील मराठी समुपदेशक दूरध्वनीवरून दुभाष्याचे काम करू शकेल, अशी तरतूद एका पत्राने होण्यासारखी आहे. आणि विवरणपत्रात "स्वमग्नता व मनोविकार, दोन्ही" असा एक रकाना वाढवावा.

व्यवस्था सुधारेपर्यंत घरच्यांनी काय करावे, असे मला अनेकांनी विचारले आहे. मी डॉक्टर नाही. तज्ज्ञांकडून ऐकलेले तेवढे सांगतो. मुलाचे पूर्वीचे वागणे आणि आताचे वागणे यांत काय बदलले, कधीपासून बदलले, याची तारीखवार वही ठेवावी. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. डॉक्टरांना या दोन गोष्टींचा उपयोग प्रमाणपत्रांच्या जाड फाइलीपेक्षा जास्त होतो. आवाज खरा की खोटा यावर मुलाशी वाद घालू नये, आणि खोदून खोदून उलटतपासणीही घेऊ नये. शाळेत काय चालले आहे ते वेगळे, शांतपणे पाहावे. चिडचिडीसाठी ही मुले कधीकधी रिस्पेरिडोनसारखे औषध आधीच घेत असतात आणि सायकोसिसवरही तेच दिले जाते. म्हणून कोणते औषध, कशासाठी, केव्हापासून, हे लिहून न्यावे आणि मनाने बंद करू नये. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, ताप किंवा झटके असतील, मूल खाणेपिणे सोडून ताठ बसून राहत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांसाठी आणखी एक. दिव्यांग मुलाची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याविषयी कार्मिक विभागाचे ज्ञापन 6 जून 2014 चे आहे. त्यातल्या यादीत मनोविकार होता, स्वमग्नता नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरे ज्ञापन काढून ती घालण्यात आली. पुढे 2018 मध्ये सुधारित सूचना निघाल्या. अर्ज करताना मुलाच्या प्रमाणपत्रात एकच प्रकार लिहिलेला असेल आणि उपचार दोन्हींचे चालू असतील, तर वैद्यकीय मंडळाकडून दोन्हींची नोंद करून घ्यावी. 2016 च्या अधिनियमात त्याची सोय आहे. माझ्या सहकाऱ्याने ती करून घेतली. मंडळाच्या कारकुनाने आधी असा नमुनाच नाही म्हणून सांगितले, मग अधिनियमाची अनुसूची दाखवल्यावर कपाटातून तो काढून दिला.